कोकणातलं घर, लाकूड आणि वाळवी: औषधाआधी ओल शोधा

कौलारू

गणपतीला गावी जाऊन आलेल्या बऱ्याच जणांनी वाळवीबद्दल विचारलं, म्हणून जे माहीत आहे ते एकत्र लिहितो. आमचं घर राजापूर तालुक्यात. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मातीच्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे), मंगलोरी कौलं. लाकूड काही सागवान, काही किंजळ आणि ऐन. टप्प्याटप्प्याने दुरुस्ती चालू आहे. त्यानिमित्त सुतार, गवंडी, पेस्ट कंट्रोलवाले अशा अनेकांशी बोलणं झालं आणि माझं एक मत पक्कं झालं. वाळवी दिसली की आपण पहिला फोन औषधवाल्याला करतो. पहिलं काम मात्र, लाकडापर्यंत माती आणि पाणी कुठून पोचतंय ते शोधायचं. तो रस्ता उघडा ठेवून केलेला फवारा फार काळ पुरत नाही.

कारण सोपं आहे. जमिनीतल्या वाळवीचं अंग मऊ आणि कातडी पातळ असते. उघड्या हवेत ती थोड्या वेळात सुकून मरते. म्हणूनच ती मातीची नळी बांधत येते. ती नळी म्हणजे ओल धरून ठेवणारा झाकलेला रस्ता. वसाहत खाली जमिनीत असते, राणी तिथेच असते. चौकटीत आपल्याला दिसतात त्या फक्त कामकरी. चौकटीवर फवारलं की समोरच्या मरतात आणि बाकीच्या दोन दर्जा सोडून तिसऱ्या दर्जेतून वर चढतात. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीत हा प्रवास बाहेरून दिसतसुद्धा नाही.

आता कुठे बघायचं ते.

सगळ्यात आधी खांबाचा पाय. जुन्या माणसांनी प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा केला, लाकूड जमिनीला टेकूच दिलं नाही. मग जमीन सारवायचा कंटाळा आला. आधी कोबा आला, त्यावर शहाबादी, त्यावर टाइल्स. प्रत्येक थराबरोबर जमीन वर आली, तळखडा गाडला गेला आणि खांबाचा पाय मातीच्या आणि सिमेंटच्या मध्ये कोंडला गेला. आमच्या वाडीत ज्या ज्या घरांत ओटीचे खांब पोखरले, त्या बहुतेक घरांत टाइल्स बसल्यानंतर हे झालं. दरवाजाच्या चौकटींचंही तेच. उंबऱ्याच्या खालचा दगड बुजला की चौकटीचे दोन्ही पाय ओल पितात.

याला इलाज आहे, पण तो सुताराकडे आहे. छपराला टेकू देऊन खांबाचा खराब झालेला पाय कापायचा, खाली काळा दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा जमिनीच्या वर येईल असा बसवायचा आणि दगड-लाकडाच्या मध्ये जस्ताचा पत्रा घालायचा. पत्र्याच्या कडा चारही बाजूंनी बाहेर काढून खाली वळवायच्या. पत्रा वाळवीला पूर्ण रोखतो असं नाही. तो तिला आतला रस्ता बंद करून बाहेरून, आपल्या डोळ्यांसमोर नळी बांधायला लावतो. दिसली की मोडता येते.

दुसरं, पागोळ्या. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्हळ नसेल तर ते सगळं पाणी जोत्याशी पडतं आणि उडून भिंतीत मुरतं. पन्हळ लावा, जोत्याभोवती उताराची फरसबंदी करा.

तिसरं, भिंतीला टेकवलेला लाकूडफाटा. पावसाळ्याची बेगमी म्हणून पडवीच्या कुडाला रचलेली लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग, जुन्या दरवाजाच्या फळ्या. वाळवीला घरात यायला यापेक्षा चांगली शिडी नाही. हे सगळं भिंतीपासून लांब, दगडांवर रचा.

चौथं, फुटकं कौल. वाळवी नेहमी खालूनच येते असं नाही. कॉप्टोटर्मिस नावाच्या वाळवीला वरच सतत ओल मिळाली, तर जमिनीशी संबंध तुटला तरी ती तग धरते. आढ्याजवळचं एक गळकं कौल वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर वासे आणि रिपा तिथूनच जातात.

नळी जिवंत आहे की जुनी, हे ओळखायला तिचा मधला एक तुकडा मोडून ठेवा. आत पांढऱ्या कामकरी दिसल्या किंवा थोड्या दिवसांत तुकडा पुन्हा बांधला गेला, तर वाळवी चालू आहे. सगळी नळी पुसून टाकू नका, औषधवाल्याला तोच माग उपयोगी पडतो.

पडवी

बरा लिवलास! तळखड्याचा मुद्दा शंभर टक्के खरा. आमच्याकडे कणकवलीला जुना वाडा पाडला तेव्हा तळखड्यावरचे फणसाचे खांब ठणठणीत निघाले, आणि नंतर वाढवलेल्या पडवीचे आंब्याचे खांब हाताने चुरडत होते. लाकडाच्या जातीबद्दलही लिहा.

कौलारू

पडवी, जात महत्त्वाची आहे, पण जातीपेक्षा गाभा महत्त्वाचा. सागवान टिकतो तो त्याच्या गाभ्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे. सालीजवळचा पांढरा भाग सागवानाचा असला तरी वाळवी खाते. हल्ली लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात पांढरा भागच जास्त असतो. दुकानदार 'सागवान आहे' म्हणाला की प्रश्न संपत नाही, फळीच्या कडेला पांढरी पट्टी किती आहे ते बघायचं. फणस, खैर, शिसव यांचा गाभा चांगला. आंबा, सावर, रबराच्या झाडाचं लाकूड ही औषध मुरवल्याशिवाय घरात आणू नयेत.

सहावा_मजला

मी ठाण्यात राहते. दिवाणाखाली रोज पिठासारखा भुसा पडतो. पेस्ट कंट्रोलवाला न बघताच फोनवर म्हणाला वाळवी आहे, पूर्ण घराला ड्रिलिंग करावं लागेल, म्हणजे जमिनीला भोकं पाडून औषध सोडायचं. सहाव्या मजल्यावर मातीतून वाळवी येईल का?

रंधा

ताई, थांबा. ड्रिलिंगला हो म्हणू नका. लाकडाच्या वखारीत आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाकूड खाणारे तीन वेगळे प्राणी आपल्या घरात येतात आणि तिघांचा इलाज वेगळा आहे.

पहिली जमिनीतली वाळवी, जिच्याबद्दल कौलारूंनी लिहिलं. हिचा भुसा पडत नाही. ती लाकूड खाते आणि पोकळीत ओली माती भरते. फळी वरून जशीच्या तशी दिसते, ठोकली की पोकळ वाजते, पेचकस आत घुसतो. सहाव्या मजल्यावर ही येऊ शकते. पाइपांच्या डक्टमधून, भिंतीतल्या कंड्युटमधून, गच्चीवरच्या मातीच्या कुंड्यांतून येते. पण आली तर मातीच्या नळ्या कुठेतरी दिसणारच. कपाटाच्या मागे, सिंकखाली, न्हाणीच्या चौकटीत बघा.

दुसरी कोरड्या लाकडातली वाळवी. ही किनाऱ्यावरच्या दमट हवेत जास्त आढळते. हिला जमिनीची गरज नाही, एका खुर्चीत संपूर्ण वसाहत राहते. हिची खूण म्हणजे खसखशीएवढे कडक दाणे. बिलोरी काचेतून बघितले तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात. तिची ती विष्ठा असते, बारीक भोकातून बाहेर ढकललेली.

तिसरा भुंगा, ज्याला सुतार लोक बोरर म्हणतात. याची पूड मैद्याइतकी बारीक, चिमटीत धरली तर कण लागतच नाही, आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. तुमच्या वर्णनावरून हाच दिसतो. हा लाकडाच्या पांढऱ्या भागातल्या पिष्टासाठी येतो.

भुंगा असो की कोरड्या लाकडातली वाळवी, जमिनीला भोकं पाडून काहीही उपयोग नाही. त्या दिवाणावरच काम करायचं. भोकांत सुईने औषध सोडायचं, मग मेणाने भोकं बुजवायची आणि पुन्हा पूड पडते का ते खाली काळा कागद पसरून बघायचं. भुंग्याची मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते, म्हणून पॉलिश फक्त दर्शनी बाजूला करून चालत नाही. पाठ, तळ, ड्रॉवरच्या आतल्या बाजू, सगळं बंद करा. लहान वस्तू, म्हणजे पोळपाट, लाकडी खेळणी, देव्हाऱ्यातला पाट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये दोनेक आठवडे ठेवल्या तर आतल्या अळ्या मरतात. उष्णतेनेही मरतात. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियमच आहे, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं. पण ते भट्टीचं काम, उन्हात ठेवून गाभा तेवढा तापेल असं धरू नका.

आणि प्लायवुडबद्दल. वॉटरप्रूफ म्हणजे वाळवीप्रूफ नव्हे. प्लायवरचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा) हा शब्द चिकटवणाऱ्या गोंदाबद्दल बोलतो. आयएस ७१० हे मानक असलेल्या मरीन प्लायमध्ये लाकडी पापुद्र्यांना औषध मुरवणं सक्तीचं आहे. भिंतीला चिकटून जाणाऱ्या कपाटाची पाठ नेमकी सगळ्यात स्वस्त प्लायची करतात आणि वाळवी तिथूनच शिरते. पाठीला चांगला प्लाय लावा, दर्शनी भागात काटकसर करा.

सहावा_मजला

रंधा काका, मनापासून आभार. काळ्या कागदावर पडलेली पूड खरंच मैद्यासारखी आहे आणि भोकंही गोल आहेत. घरात कुठेही मातीची नळी नाही. ड्रिलिंगवाल्याला नाही सांगितलं.

मिठबाव

आमच्याकडे दर दोन वर्षांनी वाशांना गॅरेजमधलं जळकं ऑइल आणि घासलेट मिसळून मारतात. वाळवी येत नाही. एवढं शास्त्र कशाला?

कौलारू

मिठबाव, तेलाने काही काळ फरक पडतो हे मान्य. पण माळ्यावर वायरिंग आहे, खाली चूल किंवा गॅस आहे आणि वर घासलेटात भिजलेले वासे, हे मला अजिबात पटत नाही. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले जड धातू असतात. पावसात ते निथळून अंगणात, परसातल्या अळवात जातं. शिवाय तेल लाकडाच्या पृष्ठभागापुरतंच राहतं, चिरलेल्या वाशाच्या आत जात नाही.

आपल्याकडे पूर्वी उंडीचं तेल आणि काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना, वाशांना लावत. दोन्ही कामाची आहेत. काजूच्या टरफलाचं तेल लावताना हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, कातडी भाजून फोड येतात. ज्यांनी काजूच्या कारखान्यात काम केलंय त्यांना सांगायला नको.

परसदार

आजीच्या काळात जमिनीवर गॅमेक्सिनची पांढरी पावडर पसरायचे. ती आता मिळत नाही का?

कौलारू

नाही, आणि मिळाली तरी आणू नका. गॅमेक्सिन म्हणजे बीएचसी, भारतात १९९७ पासून बंद. अल्ड्रिन, क्लोर्डेनही बंद. ही द्रव्यं मातीत आणि शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं राहतात. कुणाच्या माळ्यावर जुना डबा असेल तर तो विहिरीजवळ ओतून रिकामा करू नका.

ड्रिल_फिल_सील

मी पेस्ट कंट्रोलच्याच धंद्यात आहे, म्हणून माझी बाजू. कौलारू म्हणतात ते बरोबर आहे, पण एकदा वसाहत घराखाली बसली की नुसतं पन्हळ लावून ती जाणार नाही. औषध लागतंच. फक्त ते नीट झालं का हे घरमालकाने उभं राहून बघायला हवं.

वाळवीच्या कामाला भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. भाग २ नवीन बांधकामासाठी, भाग ३ उभ्या घरासाठी. उभ्या घरात भिंत आणि जमीन मिळते तिथे सुमारे १२ मिलिमीटरची भोकं, दर ३०० मिलिमीटरवर एक, आणि प्रत्येक भोकात साधारण १ लिटर द्रावण, मग भोक सिमेंटने बंद. ३०० म्हणजे तुमची एक फुटाची पट्टी. पट्टी घेऊनच उभं राहा. भोकं दोन-दोन फुटांवर आणि द्रावण चहाच्या कपाएवढं, अशी कामं बाजारात रोज होतात. स्वस्त दर तिथूनच निघतो.

इमिडाक्लोप्रिडचं द्रावण ०.०७५ टक्के असावं लागतं. कंपनीची सीलबंद बाटली तुमच्यासमोर फोडायला लावा, मोजमाप तुमच्यासमोर करायला लावा. इमिडाक्लोप्रिड वाळवीला वासाने कळत नाही. ती त्यातून जाते आणि दुसऱ्या वाळव्यांना लावते. बायफेन्थ्रिन तिला कळतं, ती वळून जाते, म्हणून त्याच्या थरात एकही फट राहिली तर ती फट शोधते. क्लोरपायरिफॉस अजून बरेच जण वापरतात कारण स्वस्त आहे. घरात लहान मूल असेल तर मी स्वतः नाही म्हणतो. अमेरिकेत घरगुती वापर खूप आधी थांबवला आणि २०२५ मध्ये काही सवलती ठेवून ते स्टॉकहोम कराराच्या (वर्षानुवर्षं टिकणाऱ्या विषारी रसायनांवर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय करार) यादीतही आलं.

नवीन घर बांधणाऱ्यांना एकच विनंती. जोत्याच्या भरावावर औषध मारून घ्या, फरशीच्या आधी. तेव्हाचा खर्च नंतरच्या ड्रिलिंगपुढे काहीच नाही.

विहीर

आमची पिण्याच्या पाण्याची विहीर घराच्या मागच्या भिंतीला अगदी लागून आहे. तरी ड्रिलिंग करायचं का?

ड्रिल_फिल_सील

नाही. पिण्याच्या विहिरीला, झऱ्याला धोका असेल तिथे हे औषध जमिनीत सोडू नये, हे मानकातच लिहिलेलं आहे. आणि तुमचा जांभा आहे, त्याला आतून किती छिद्रं असतात ते तुम्हाला माहीत आहे. तिथे कौलारूंचा मार्ग धरा: खांबाचे पाय कापून दगड, जोत्याची फरसबंदी, कोरडेपणा. लाकडालाच बोरॉनचं औषध (बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्स) मुरवा. वाळवीची आमिषंही असतात, लाकडाच्या लगद्यात वाढ रोखणारं द्रव्य मिसळलेली. कामकरी ते वसाहतीत नेऊन भरवतात. काही महिने लागतात, दर थोड्या दिवसांनी बघावं लागतं, पण विहिरीत काही जात नाही.

सातेरीचं_गाव

आमच्या परसात मोठं वारूळ आहे. गवंडी म्हणतो फोडा, आई म्हणते हात लावायचा नाही, सातेरी देवीचं स्थान आहे.

कौलारू

आईचं ऐका. वारूळ बहुतेक ओडोन्टोटर्मिस नावाच्या वाळवीचं असेल. या वाळव्या आत बुरशीची शेती करतात, आणि पावसात वारुळाशेजारी उगवणारी अळंबी त्याच शेतीतून येतात. वरचा ढिगारा फोडून वसाहत संपत नाही, ती खाली खोल असते. या वाळव्या झाडाची सुकी साल, पालापाचोळा खातात. घराचं लाकूड मिळालं तर तेही सोडत नाहीत. तेव्हा वारूळ राहू दे, घर आणि वारूळ यांच्यामध्ये लाकूडफाटा, पालापाचोळा ठेवू नका आणि त्या बाजूचं जोतं दर पावसाळ्यानंतर निरखून बघा.

माणगा

बांबूचं कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो. आम्ही सावंतवाडीकडे माणगा जातीचा बांबू लावतो. बांबूचा खरा शत्रू भुंगा, कारण बांबूत पिष्ट भरपूर. कोवळा बांबू तोडू नये, तीन-चार वर्षांचा घ्यावा, आणि पावसाळा संपल्यावर थंडीत तोडावा. तेव्हा त्यात पिष्ट कमी असतं. जुनी माणसं अमावास्येला तोडत, आम्हीही तोडतो, पण हंगाम चुकवून फक्त अमावास्या पाळली तर उपयोग नाही.

तोडल्यावर ओला असतानाच एक भाग बोरिक अ‍ॅसिड आणि दीड भाग बोरॅक्सच्या साधारण ५ टक्के द्रावणात बुडवून ठेवायचा. आतल्या पेरांचे पडदे सळईने फोडायचे, म्हणजे द्रावण आत शिरतं. आठवडाभर तरी ठेवा, मग सावलीत वाळवा. एक लक्षात ठेवा, बोरॉन पाण्यात विरघळतं. पावसात उघड्या राहणाऱ्या कुंपणाला ते टिकणार नाही, छपराखालच्या कामालाच करा.

रंधा

माणगा, उत्तम. उघड्यावरच्या लाकडासाठी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण वापरतात, सीसीए. हे मिश्रण आपल्याच सोंटी कामेशम यांनी १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शोधलं आणि पुढे जगभर खांबांना, रेल्वेच्या स्लीपरना वापरलं गेलं. त्यात आर्सेनिक आहे, म्हणून घरातल्या फर्निचरला किंवा मुलांच्या पाळण्याला नाही. अशा लाकडाचे तुकडे चुलीतही जाळू नका, धूर विषारी असतो.

ब्रिस्बेनकर

इथे क्वीन्सलँडमध्ये वाळवी हा प्रत्येक घराचा विषय आहे. दरवर्षी तपासनीस येतो. सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे घराच्या काँक्रीटच्या पायाची कड कमीत कमी ७५ मिलिमीटर उघडी ठेवायची, तिला माती, बागेतला पालापाचोळा, काहीही टेकवायचं नाही. वाळवी आली तर त्या उघड्या पट्टीवर नळी बांधूनच येणार, आणि तपासनिसाला दिसणार. आपल्या जोत्याचा विचार तोच होता असं हा धागा वाचताना जाणवलं.

परसदार

घर वर्षातले दहा महिने बंद असेल तर? आम्ही मुंबईत, आईवडील गेले, आता फक्त मे आणि गणपतीत उघडतं.

कौलारू

परसदार, बंद घर सगळ्यात लवकर जातं, कारण चूल पेटत नाही आणि हवा खेळत नाही. पूर्वी चुलीच्या धुराने माळा कोरडा राहायचा. मेच्या शेवटी निघताना कौलं शाकारून घ्या. कपाटं आणि पेट्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढून, पायाखाली चिऱ्याचे तुकडे घालून ठेवा. पुस्तकं, वर्तमानपत्रं, गाद्या खाली जमिनीवर अजिबात नाही. वरच्या झरोक्यांना जाळी लावून ते उघडेच ठेवा. पाऊस सुरू होताना संध्याकाळी पंखवाली वाळवी दिव्यावर येते, पंख गळून पडतात. शेजारच्यांना सांगून ठेवा, घरात पंखांचा खच दिसला तर लगेच कळवा म्हणावं, वसाहत घरातच किंवा अगदी जवळ असू शकते. आणि कुणी गाववाला ठरवा जो पावसाळ्यात महिन्यातून एकदा दारं उघडून तासभर हवा देईल आणि चौकटीचे पाय बघेल. त्या कामाचे पैसे द्या, म्हणजे ते होतं.

परसदार

गाववाला मिळाला. मागच्या दाराची चौकट मात्र खालून वीतभर गेलीच आहे. पूर्ण बदलू की जोड देऊ? सुतार आंब्याचा जोड देतो म्हणतोय.

रंधा

आंबा नको. वरचं लाकूड ठोकून बघा, घट्ट वाजत असेल तर जोड चालेल. पोखरलेल्या भागाच्या वर आणखी वीतभर कापा, फणसाच्या गाभ्याचा जोड घ्या, खाचेत बसवताना कापलेल्या दोन्ही तोंडांना बोरॉनचं द्रावण पाजा आणि खाली दगड येईल असं बघा. चौकटीचा पाय फरशीत रुतवू देऊ नका, सुतार आणि फरशीवाला दोघांना एकाच दिवशी बोलवा.